याची जात कोणती?

लहान कुत्रे घेऊन रस्त्याने निघालेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘याची जात कोणती?’ ‘पामेरियन’ असे उत्तर दिले, तर विचारणारा कान आणि शेपूट निरखून ‘पण प्युअर वाटत नाही’ असा शेरा मारतो. ‘क्रॉस आहे’ म्हटले की त्याचे समाधान होते. नातेपुत्यात घरोघरी दिसणारी ही बुटकी, केसाळ, पांढरी-तांबूस कुत्री बहुतेक अशीच क्रॉस आहेत. पणजी पामेरियन, बाकी सगळा गोतावळा गावठी.

खरे तर आपण ज्याला पामेरियन म्हणतो तोही मुळात पामेरियन नव्हे. खरा पामेरियन दीड ते सव्वातीन किलोचा, ओंजळीत मावावा एवढा. आपल्याकडचा त्याहून थोराड पांढरा कुत्रा म्हणजे इंडियन स्पिट्झ. इंग्रजी अमदानीत आलेल्या स्पिट्झ जातीच्या कुत्र्यांपासून तो इथल्या हवेत तयार झाला. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या ‘टफी’मुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पुढे पिल्ले वाटली गेली, ती गावात मोकळी हिंडली आणि प्रत्येक पिढीत गावठी रक्त मिसळत गेले. हे काही वाईट झाले नाही. जवळच्या नात्यात पैदास केल्याने येणारे काही आनुवंशिक आजार मिश्र रक्ताच्या कुत्र्यांत कमी दिसतात.

आरोग्याच्या सदरात कुत्र्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मी माणसांचा डॉक्टर आहे, कुत्र्यांचा नव्हे. पण कुत्रा चावलेली माणसे माझ्याकडे येतात, आणि चावणारा कुत्रा दर वेळी रस्त्यावरचा नसतो. घरचा, लाडाचा, ‘आमचा काही करत नाही हो’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाते तोही चावतो. लहान मुलांना तर चेहऱ्यावरच चावतो, कारण मूल खाली वाकून त्याला कवटाळत असते. छोटा कुत्रा म्हणजे चालते-फिरते खेळणे, अशी आपली समजूत. ती बहुतेक वेळा कुत्र्याने दात दाखवल्यावरच मोडते.

जातीवरून स्वभाव कळतो, हाही असाच एक समज. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन, त्यांपैकी बऱ्याच कुत्र्यांची जनुके तपासून २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे उत्तर देण्यात जातीचा वाटा फक्त ९ टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचे त्याचे लहानपण, त्याचे अनुभव, त्याचे घर आणि त्याचा स्वत:चा पिंड. म्हणजे शुद्ध जातीच्या कुत्र्याचेही पुस्तक फारसे उपयोगी नाही, मग क्रॉसचे कुठून असणार? त्याला बघत बघतच ओळखावे लागते.

आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी दहिगावच्या बाजूच्या एका वस्तीवरून ‘बंड्या’ आला. वजन सात किलो, कान एक उभा, एक पडका. पहिले तीन दिवस तो कपाटाखालून बाहेर आला नाही. आम्ही कोणी त्याला ओढले नाही. पाण्याची वाटी आणि भाकरीचा कुस्करा जवळ ठेवून आपापल्या कामाला लागलो. नव्या घरातल्या कुत्र्याचा एक ढोबळ हिशेब सांगतात, भीती जायला तीन दिवस, घराची शिस्त कळायला तीन आठवडे आणि हे घर आपले आहे असे वाटायला तीन महिने. बंड्याच्या बाबतीत तो जवळपास जुळला. महिनाभरात आम्हाला कळले, की केरसुणी हातात घेतली की तो अंगणात पळतो, मिक्सरला भितो, पण कुकरच्या शिट्टीला नाही. हेल्मेट घातलेला माणूस ओळखीचा असला तरी त्याच्यावर भुंकतो. जेवताना कोणी मागून गेले की त्याचे अंग ताठ होते. केरसुणीचे कारण उघड आहे, पूर्वी कोणीतरी तिनेच झोडपले असणार. हेल्मेटचे कारण मला अजून उमगलेले नाही.

पिल्लू आणायचे असेल, तर ते आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे. आपल्याकडे महिन्याचे पिल्लू उचलून आणून कापसाच्या बोळ्याने दूध पाजण्याची हौस असते. त्यात पिल्लाचे दुहेरी नुकसान होते. एक तर आईच्या दुधातले संरक्षण तुटते. दुसरे म्हणजे दात किती जोरात लावायचा, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो, हाच त्याचा धडा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. या काळात त्याला मुले, म्हातारी माणसे, काठी, छत्री, ट्रॅक्टर, बँडबाजा यांची कडेवर बसवून ओळख करून द्यावी. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडू नये, कारण पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत एक दिवसही न घालवता पशुवैद्यकाकडे न्यावे.

आता कुत्र्याच्या बोलण्याविषयी. भुंकणे हा त्यातला सर्वांत छोटा भाग. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असे आपण धरून चालतो. इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले, की मालकाला पाहून शेपूट जास्त उजवीकडे झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. इतके बारीक निरीक्षण आपल्याला जमेल न जमेल, पण सगळे अंग सैल सोडून कंबरेसकट हलणारी शेपूट आणि ताठ उभ्या अंगावर काठीसारखी थरथरणारी शेपूट यांतला फरक कोणालाही कळतो. भूक नसताना जीभ नाकावरून फिरवणे, झोप आली नसताना जांभई देणे, मान वळवून नजर चुकवणे, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणे, या सगळ्याचा अर्थ एकच, ‘मला हे आवडत नाही, जरा लांब व्हा.’ एवढे सांगूनही कोणी ऐकले नाही तर तो गुरगुरतो. त्यानंतर चावतो.

गेल्या वर्षी पाच वर्षांच्या एका मुलीला तिची आई आणि आजी माझ्याकडे घेऊन आल्या. गालावर दातांच्या दोन खोल खुणा होत्या. घरचाच छोटा क्रॉस कुत्रा. ‘कधी गुरगुरलासुद्धा नाही डॉक्टर, एकदम चावला,’ असे आई सांगत होती. थोडे खोलात विचारल्यावर आजीबाई बोलल्या. आठ-पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तो गुरगुरत असे. मुलगी त्याच्या ताटलीत हात घाली, की तो गुरगुरे. मग मुलीचे वडील त्याला चपलेने मारीत. मार खाऊन कुत्र्याने गुरगुरणे सोडले. ताटलीत हात घालणे मात्र चालूच राहिले. वाचकहो, गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. घंटेचा आवाज नको म्हणून घंटाच काढून टाकली, तर आग लागल्यावर कळणार कसे? कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे आणि तो कशावरून गुरगुरला ते शोधावे. खाताना, झोपेत, पिल्लांजवळ आणि आजारी असताना त्याला कोणी हात लावू नये, हा नियम मुलांबरोबर पाहुण्यांनाही सांगावा. पाच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना, कुत्रा कितीही गरीब असो, एकटे सोडू नये.

त्या मुलीच्या आजीबाईंनी एक गोष्ट उत्तम केली होती. शेजारणीने तिखट आणि चुना आणून दिला असताना तो बाजूला ठेवून त्यांनी नळाखाली साबणाने जखम धुतली होती. पुरी पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, त्यामुळे हा उपाय साधा दिसला तरी मोलाचा आहे. तिखट, हळद, चुना, तेल यांतले काहीही लावू नये आणि जखमेला घाईने टाके घालून घेऊ नयेत. मुलीला लगेच सरकारी रुग्णालयात पाठवले. रक्त आलेली जखम असेल, तर लसीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. लसीचा परिणाम सुरू व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवरचे संरक्षण त्यातून मिळते. लस दंडात दिली जाते. सरकारी दवाखान्यात सहसा कातडीत देतात, ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशीची एक आणखी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या माणसांच्या मनातून अजून जात नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि २००५ च्या सुमारासच तिचा वापर आपल्या देशात बंद झाला.

‘घरचा कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे, मग माणसाला कशाला?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. लस दिलेल्या कुत्र्यापासून धोका खूपच कमी, हे खरे. पण तो कमी धोका कोणाच्या जिवावर तोलायचा? उपचार लगेच सुरू करावेत आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात आणि पुढचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. त्या मुलीचा कुत्रा ठणठणीत राहिला आणि तिचे सगळे डोस पूर्ण झाले. गालावर एक बारीक खूण तेवढी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की जगात कोठेही खात्रीचा उपाय नाही. आपल्या देशात आजही या रोगाने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी घरोघरी पाहणी करून काढला आहे. याच पाहणीत, कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लसीचा एकही डोस घेतला नसल्याचे आढळले.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाळ गाळत धावत सुटलेला, हे चित्र अर्धेच आहे. काही कुत्री उलट मलूल होतात, कोपऱ्यात बसतात, जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे वाटून मालक तोंडात हात घालतो. हे कधीही करू नये. खाणेपिणे सोडलेल्या, जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याला लांबूनच कोंडावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. तुमच्या कुत्र्याचे रोजचे वागणे तुम्हाला पाठ असेल, तर हा बदल पहिल्याच दिवशी ध्यानात येईल. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी आणि नंतर दर वर्षी एक. एवढ्या खर्चात घर सुरक्षित राहते.

जंतांचे प्रकरण याहून गुपचूप चालते. पिल्लाच्या पोटात जंत बहुधा आईकडूनच येतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात आणि मातीत काही आठवडे राहिली की माणसाला लागण करण्याजोगी होतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी, म्हणजे अंडी तयार होण्याआधीच जातात. माती खाणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. माळशिरस तालुक्यासारख्या शेळ्या-मेंढ्यांच्या भागात आणखी एक धोका आहे. बकरे कापल्यावर आतडी-काळीज कच्चेच कुत्र्याला टाकण्याची पद्धत आहे. त्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी असल्या, तर कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. त्याची अंडी मात्र कुत्र्याच्या केसांना चिकटतात, तिथून आपल्या हाताला आणि हातावरून तोंडात. मग काही वर्षांनी माणसाच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ सोनोग्राफीत दिसते. तिला हायडॅटिड म्हणतात. कच्चे अवयव कुत्र्याला घालू नयेत, शिजवून घालावेत. जंताचे औषध पिल्लाला पहिले काही महिने वारंवार आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. आम्ही या तारखा कालनिर्णयाच्या पानावर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच लिहितो.

खाण्याच्या बाबतीत थोडक्यात. भाकरी, भात, उकडलेले अंडे, हाडाविना शिजवलेले मटण-चिकन चालते. शिजलेल्या हाडांचे तुकडे अणकुचीदार होतात, ती नकोत. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट विषारी. आपल्या जिल्ह्यासाठी विशेष सांगायचे ते बेदाण्याचे. पंढरपूरकडचा बेदाणा घरोघरी असतो आणि मुले प्रेमाने चार दाणे कुत्र्यालाही देतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती दाण्यांनी होईल हे आधी सांगता येत नाही. सात किलोच्या कुत्र्याला मूठभरही फार झाले. त्यातले टार्टारिक आम्ल याला कारण असावे, असे अलीकडे दिसून आले आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असते.

उन्हाळ्यात कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी फिरवू नये. डांबरावर आपला तळहात पाच सेकंद ठेवून बघावा, आपल्याला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही. केसाळ कुत्र्याचे केस वस्तऱ्याने साफ काढून टाकणेही चूक, कारण तेच केस उन्हापासून त्याचे रक्षण करतात. कुत्र्याचे शरीर मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट गरम असते, त्यामुळे अंगाला हात लावून ‘ताप आलाय’ म्हणू नये. नाक कोरडे म्हणजे ताप, हाही खुळा समज. त्यापेक्षा एक सोपी सवय लावून घ्यावी. तो गाढ झोपला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजावे. पंधरा ते तीस हा आकडा ठीक. झोपेतही तो सतत तिसाच्या वर जाऊ लागला, तर पशुवैद्यकाला दाखवावे. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हृदयाचा आजार असा लवकर पकडता येतो. छोट्या कुत्र्याची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ओढण्यापेक्षा छातीभोवतीचा पट्टा बरा. दात मात्र त्याचेही घासावे लागतात. हसू नका, छोट्या कुत्र्यांचे दात कीट धरून लवकर हलतात.

आपल्या गावातली अनेक घरे आता दोन म्हाताऱ्या माणसांची झाली आहेत. मुले पुण्याला, हडपसर-चाकणला. अशा घरातल्या माझ्या एका मधुमेही रुग्णाला मी चार वर्षे ‘चाला’ म्हणून सांगत होतो. छोटा कुत्रा आल्यावर ते रोज पहाटे पाऊण तास चालू लागले, कारण कुत्रा त्यांना झोपू देत नाही. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत काही वेळ पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्यात जे घडते तेच हे. आणि आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना कमी लेखू नये. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणीही न शिकवलेली आणि न घाबरता पुढे आलेली बहुतेक भटकी कुत्री माणसाने बोट दाखवलेल्या दिशेला गेली. क्रॉसच्या अंगातले गावठी रक्त ते हेच.

म्हातारपणी कुत्रा पाळणाऱ्यांना एक इशारा मात्र द्यायला हवा. छोटे कुत्रे पायात येते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अहवालानुसार कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या तिथे वर्षाला ८६ हजारांवर होती, आणि त्यांत कुत्र्यांचा वाटा फार मोठा होता. साठी ओलांडलेल्या बाईचे खुब्याचे हाड मोडले, की पुढचे वर्ष अंथरुणात जाते. रात्री उठताना दिवा लावावा, कुत्र्याची झोपण्याची जागा वाटेत ठेवू नये आणि त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधावा. तो कुठे आहे ते अंधारातही कळते.

आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते, त्या दिवशी छोट्या कुत्र्यांचे फार हाल होतात. लाउडस्पीकर, लाखो पावले, अनोळखी वास. घाबरलेले कुत्रे दार उघडे दिसले की सुटते आणि एवढ्या गर्दीत पुन्हा सापडत नाही. आम्ही त्या दिवशी बंड्याला सकाळीच लांब फिरवून आणतो, मग मागच्या खोलीत त्याचे जुने पोते, पाणी आणि चालू पंखा ठेवून दार लावतो. गळ्यातल्या पट्ट्यावर आमचा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला असतो. दारावर पाटी लावतो, ‘आत कुत्रा आहे, दार उघडू नये.’ घरी उतरलेले वारकरी ती वाचतात, आणि तरी त्यांतला एखादा हळूच विचारतोच, ‘डॉक्टर, जात कोणती?’